घरची खबर कोण देणार?

नमस्कार मंडळी,

परदेशातल्या आपल्या या दिवाळीच्या मेळाव्यात आजारपणाचा विषय नको, असं मला सकाळीच बजावलंय. पण समोर रत्नागिरी, दापोली, मालवण, देवगडची माणसं बसली आहेत, आणि मनात दुसरं काही नाही. तेव्हा बोलते.

या पावसाळ्यात मी माहेरी, रत्नागिरीला होते. शहरात डेंग्यूची साथ. आमच्या आळीत घराआड कोणीतरी अंथरुणावर. आपल्या मंडळातल्या एका मित्राचे आईवडील त्याच आळीत राहतात. काकांना डेंग्यू झाला. मित्राला घरून रोज एकच निरोप जायचा, "बरे आहेत, काळजी करू नको." आणि तो इकडे रात्र रात्र जागा.

चौथ्या दिवशी ताप उतरला. काकूंनी देवापुढे साखर ठेवली आणि म्हणाल्या, "फोन लाव गो त्याला, सांग उतरला ताप." पण डेंग्यूत जपायचं असतं ते नेमकं तेव्हाच. ताप जातो आणि पुढच्या एक-दोन दिवसांत रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून रक्तदाब कोसळू शकतो. पोटात जोराचं दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, गळून पडणं, यातलं काहीही दिसलं तर तडक इस्पितळ गाठायचं.

मी मित्राला सगळं सांगितलं. प्लेटलेट्स ६२ हजार आहेत, दीड लाखाच्या वर हव्यात. काका पेज पितायत, लघवी व्यवस्थित होतेय, पोट दुखत नाही, रक्त कुठूनही नाही. तापाला फक्त पॅरासिटामॉल, अ‍ॅस्पिरिनची पाकिटं घरातून बाहेर काढली. संध्याकाळी पुन्हा रक्त तपासणार, रात्री मी तिथेच झोपणार. काकू माझ्याकडे बघतच राहिल्या, एवढं कशाला सांगायचं पोराला? पण पलीकडून तो म्हणाला, "आता झोपतो जरा." काका पुढे खडखडीत बरे झाले.

माझी मुलगी तिथेच बसून ऐकत होती. तिने विचारलं, "आई, आपण परत गेल्यावर आजीला ताप आला, तर तुला कोण सांगेल?"

मुंबईत सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. व्हिएगस यांनी मांडवीत प्लेग ओळखला, आणि मग लोकांनी शहर सोडायला सुरुवात केली. आपल्या कितीतरी घरांत त्या प्लेगात परत आलेल्या पणजोबांची गोष्ट सांगतात. परतलेल्या माणसाकडे वाडीतल्या बायका आपापल्या माणसाची खबर विचारायला जात, असं माझी आजी सांगायची. मृत्यूची बातमी आणणारं, कोपरा फाडलेलं कार्ड पोस्टमनच्या हातात दिसलं की घर कसं गप्प व्हायचं, तेही इथल्या काहींना आठवत असेल. आणि मार्च २०२०? विमानं बंद, आपण इथे अडकलेले. मे महिन्यात चाकरमानी गावी पोचले ते थेट शाळेत, चौदा दिवस विलगीकरणात. तेव्हा आपल्या आईवडिलांच्या दारात पेजेचा डबा ठेवणारं कोणीतरी होतं. त्यांचे नंबर आज किती जणांच्या फोनमध्ये आहेत?

डेंग्यूवर पपईच्या पानांचा रस द्या, हा निरोप मात्र आपल्या ग्रुपवर दिवसातून दहादा फिरतो.

आणखी एक, रागावू नका. डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि साठवलेल्या, स्वच्छ पाण्यात वाढतो. गच्चीवरची झाकण उडालेली टाकी, परसातल्या करवंट्या, जुना टायर, एवढं त्याला पुरतं. त्याची अंडी कोरड्यातही महिनोन् महिने तगतात. साथीत आरोग्य खात्याच्या मुली घरोघर पाणी तपासत फिरत होत्या, आणि आमच्या आळीत दर दोन-तीन घरांमागे त्यांना कुलूप लागत होतं. ती घरं आपली आहेत, मंडळी. आत चार भांडी आणि आजोबांचा पलंग, आणि आपण इथून सांगतो की कोणाला उघडू देऊ नका. आपल्या टाकीतला डास कुलपामागे थांबत नाही. तो शेजारच्या काकांना चावतो.

मुलीला मी शेजारच्या मावशींचं नाव सांगितलं. त्या रोज सकाळी आईच्या दारावर हाक मारतात. मुलगी म्हणाली, "त्या पण आजीएवढ्याच आहेत ना?" आहेत. सत्तरी ओलांडलेल्या, मुलगा पुण्याला. त्यांच्यानंतर त्या ओळीत रात्री दिवा लागणारी घरं दोनच. यावर मला अजून उत्तर सापडलेलं नाही, आणि रात्री मध्येच जाग येते ती याच विचाराने.

चहाच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. घरी कोण आहे, त्यांना कुठली औषधं चालू आहेत, शेजाऱ्यांचा नंबर, पुढच्या सहा महिन्यांत तुम्ही कधी जाणार आहात, हे लिहा. जो जाईल तो आपल्या आळीतली चार घरं बघून येईल आणि जसं असेल तसं सांगेल. बंद घराची किल्ली कोणाकडे आहे तेही लिहा. नसेल कोणाकडे, तर आज रात्रीच फोन करून ठरवा.