३६ हजार किलोमीटरवरून पंचगंगा

नमस्कार श्रोतेहो. पावसाळ्यात कोल्हापुरात सकाळची पहिली चौकशी असते ती राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी किती फुटांवर गेलं याची. ३९ म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, हे पोराटोरांनाही पाठ. पण चिखली-आंबेवाडीच्या शिवारात पाणी कुठवर शिरलं हे वरून बघायचं, तर ढग आडवे येतात. रडारच्या लहरींना ढगांची अडचण नाही.

जुलै २०२५ मध्ये श्रीहरिकोट्याहून सुटलेला इस्रो-नासाचा रडार-उपग्रह निसार ७४७ किलोमीटरवरून हेच काम करतो. शांत पाण्यावरून लहर पुढं निसटते, म्हणून पाणी काळं दिसतं. पाण्यात उभा ऊस मात्र उलट उजळ दिसू शकतो, कारण लहर पाण्यावर आणि कांड्यावर आपटून थेट माघारी फिरते. नकाशा करणाऱ्याला हे ठाऊक नसेल, तर उसातला पूर सुटलाच म्हणायचा!

निसार त्याच वाटेवर परत येतो १२ दिवसांनी. पंचगंगा तेवढी थांबत नाही.

मग उपग्रह ३६ हजार किलोमीटरवर नेला तर? तिथं तो पृथ्वीच्याच गतीनं फिरतो, म्हणून एकाच मुलखावर तासन्‌तास नजर ठेवू शकतो. पण अंतर ४८ पट वाढलं की एकेका वस्तूवरून परतणारी लहर ५० लाखांहून जास्त पटींनी क्षीण होते. शिवाय हे रडार सरकत सरकत घेतलेले प्रतिध्वनी जोडून बारीक चित्र बनवतं, आणि जमिनीच्या मानानं उपग्रह जागीच थांबला तर ते जमत नाही, म्हणून कक्षा मुद्दाम तिरकी ठेवावी लागते. चीनने ऑगस्ट २०२३ मध्ये असा उपग्रह सोडला. २० मीटरपर्यंतचा तपशील तो टिपतो. चित्र पुरं व्हायला वेळ लागतो आणि तेवढ्यात हवेतली वाफ बदलून चित्र पुसट होतं. मला विचाराल, तर अंतरापेक्षा मोठी डोकेदुखी हीच.

आता उंचीचं बघू. पन्हाळ्याचा कडा आणि पायथ्याचं शेत उपग्रहापासून सारख्या अंतरावर असेल, तर दोन्ही एकाच ठिपक्यात पडतात. थोड्या वेगळ्या कोनांतून बरीच चित्रं घेतली, त्यांतल्या लहरींचा फरक मांडला, की कडा वेगळा आणि शेत वेगळं होतं. दवाखान्यातल्या सीटी स्कॅनचीच ही जातकुळी. युरोपचा बायोमास उपग्रह ७० सेंटीमीटरच्या लहरींनी जंगलाचे थर असेच वेगळे करतो, पण तोही खालच्याच कक्षेतून.

वरच्या कक्षेत दोन चित्रांमध्ये १२ दिवसांऐवजी एकच दिवस जातो, तेवढ्यात पिकं-झाडं फारशी बदलत नाहीत. मात्र कोनांत पुरेसा फरक पडायला खालच्या कक्षेत काहीशे मीटर बाजूला सरकलं तरी भागतं. वर तेच अंतर कित्येक किलोमीटरांचं लागतं.