लिस्ट कधी यायलीय?

हे रजिस्टर दिसायलंय ना स्क्रीनवर, दोनशे पानी, कव्हर निघालेलं, हे खरं तर दुधाच्या हिशोबाचं. सुरुवातीच्या पानांवर सकाळचं लिटर, संध्याकाळचं लिटर, फॅट किती लागली असलं सगळं, अन् मधीच एका पानावरून डायरेक्ट मेडिकलची अ‍ॅडमिशन चालू. लाल पेनानं लिहिलेले नंबर म्हणजे मेरिट लिस्टमधी आपल्या वरचे, जे अजून हलले नाहीत. निळे म्हणजे हलतील असं वाटायलंय ते.

उदगीर तालुक्यातल्या एका पोरीचं काम आहे हे. लातूरच्या ट्युशन एरियात रूम करून राहिली, मेसचा डबा, दिवसभर अभ्यासिका, पहिल्या वर्षी नाही झालं तर रिपीटरची बॅच, म्हणजे आपल्याकडं घरटी एकाचं तरी जे चालू असतं तेच. २०२४ ची नीट दिली. ७२० पैकी किती पडले ते काय तिनं कॅमेऱ्यासमोर सांगितलं नाही. "मार्काचं सोडा सर, एसएमएल विचारा." एसएमएल म्हणजे स्टेट मेरिट लिस्टमधला नंबर, अन् २०२४ ला मार्काला तसा काही अर्थच राहिला नव्हता हे तिचं म्हणणं काही खोटं नाही. ४ जूनला निकाल लागला तेव्हा देशात ६७ पोरं ७२० पैकी ७२० वर. मग कोर्ट, २३ जुलैला सुप्रीम कोर्टानं परीक्षा परत घ्यायची नाही म्हणून सांगितलं, २६ जुलैला सुधारित निकाल आला अन् ते ६७ चे १७ झाले. पेपरफुटीच्या तपासात लातूरचं पण नाव आलं, तो वेगळा विषय आहे, त्याच्यावर बोलायचं तर दुसरा व्हिडिओ लागंल. आपल्या कामाचं एवढंच की आदल्या साली ज्या मार्काला गव्हर्मेंट कॉलेज फिक्स धरायचे त्या मार्काला २०२४ ला ओपनमधले सहाशेच्या वरचे पोरं पण घरी बसून लिस्टची वाट बघायले होते.

आता वेटिंग म्हणलं की पाहुण्यांना वाटतं रेल्वेसारखं असंल, नंबर असंल. आत्याचा फोन येतो, "कितवा नंबर हाय गं वेटिंगला?" कॅप राउंडमधी, म्हणजे राज्याच्या अ‍ॅडमिशनच्या फेऱ्यांत, तसा नंबर छापूनच येत नाही. सीईटी सेलच्या, म्हणजे ह्या अ‍ॅडमिशन करणाऱ्या सरकारी ऑफिसच्या साइटवर सिलेक्शन लिस्टची पीडीएफ पडते, शेकडो पानं, मोबाईल गरम होतो उघडताना, त्यात तुमचं नाव आहे तर आहे. नसलं तर तुमच्या पुढं किती जण उभे आहेत ते तुम्हीच मोजायचं, कॅटेगरी लावून, मुलींच्या सीटा वेगळ्या काढून, मागच्या साली शेवटची सीट कितीला गेली ते शोधून. म्हणून ते रजिस्टर.

अन् सीट रिकामी होते कशी, तर वरचा कुणीतरी हलला पाहिजे. ८५ टक्के सीटा राज्याच्या, १५ टक्के ऑल इंडियाच्या, त्याचं कौन्सिलिंग दिल्लीवरून वेगळं चालतं. पुण्या-मुंबईच्या एखाद्याला तिकडं चांगलं कॉलेज लागलं की त्याची इथली सीट सुटते, त्या सीटवर नांदेडचा जातो, नांदेडच्या सीटवर अंबाजोगाईचा, असं करत करत कुठं तरी खालच्याला जागा. म्हणजे जन्मात न बघितलेल्या पोरांचं चांगलं व्हावं म्हणून ही पोरगी मनापासून देव पाण्यात घालून बसलेली. निळ्या पेनातल्या एका नंबरला तिनं बाजूला लिहून ठेवलंय, "हा एम्सला जाईल." तिला कसं कळलं? "टेलिग्रामवर, कुणीतरी बोलायलं होतं." बास, तेवढ्यावर.

पहिल्या राउंडला तिला एमबीबीएस नाही, बीडीएस लागलं, संभाजीनगरच्या गव्हर्मेंट डेंटलला. आता ही पण सीट काय वाईट नाही हो, पण घरात तीन दिवस नीट जेवण नाही. पप्पांचं म्हणणं सरळ, हातातलं सोडायचं नाही. अन् इथं एक फॉर्म असतो, स्टेटस रिटेन्शन. भरला की सीट तुमची पक्की, पण पुढच्या राउंडचा रस्ता बंद. नाही भरला तर पुढच्या राउंडला वरची सीट मिळू शकते, पण मग ती लिस्ट येईपर्यंत परत तेच. कॉलेजात टेबलाच्या पलीकडून क्लार्क विचारायलाय, भरायचा का नाही, मागं लाइन. पप्पा गप्प. तिनं नाही म्हणून सांगितलं. टीसी, मार्कमेमो, जातीची व्हॅलिडिटी, सगळे ओरिजिनल तिथं जमा करून दोघं रात्रीच्या एसटीनं परत.

मराठवाड्यातल्या लोकांना ह्या वाट बघण्याची सवय जुनी आहे. संभाजीनगरचं मेडिकल १९५६ चं, नांदेडचं १९८८ चं, लातूरचं तर २००२ ला आलं. त्यात ७०:३० होतं, म्हणजे ७० टक्के सीटा त्या त्या विभागातल्या पोरांना. ऐकायला बरं वाटतं, पण आपल्या विभागात कॉलेजच कमी, मग आपल्या ७० टक्क्यात सीटा किती अन् पोरं किती. तेवढ्याच मार्काचा पोरगा पुण्याकडं डॉक्टर होणार अन् इकडचा ड्रॉप घेणार. सप्टेंबर २०२० मधी ते रद्द झालं. काही जण म्हणतात फार फरक पडला नाही, मला तर वाटतं पडला, किमान भांडण आता सगळ्यांशी एकाच लिस्टीत आहे.

तर ही सगळी वाट बघणं चालू असतानाच सप्टेंबरात बातमी आली. जालना, हिंगोली, अजून काही नवीन गव्हर्मेंट कॉलेजांना मंजुरी, कौन्सिलिंगच्या मधीच. हिंगोलीला १०० सीटा. रजिस्टरमधलं सगळं गणितच उलटंपालटं, तिनं लाल-निळं सोडून हिरवा पेन काढला. ग्रुपवर मात्र लगेच चालू, नवीन कॉलेज आहे, हॉस्पिटल कसं, पेशंट येतील का, हॉस्टेल तरी हाय का. ती म्हणाली, "पेशंटचं काय घेऊन बसलेत, जिल्हा रुग्णालयात कधी गेले नाहीत वाटतं हे."

पुढच्या राउंडची लिस्ट आज येणार, उद्या येणार, शेड्यूल दोनदा बदललं. बाहेर सोयाबीन काढायला आलेलं, वर आभाळ. पप्पा शेतातून फोन करायचे, फक्त एक शब्द, "पडली?" दिवसातनं कितीदा ते आम्ही मोजलं नाही. आई तर विचारायचीच नाही, ती फक्त पोरीच्या तोंडाकडं बघून परत चुलीकडं.

पडली ती रात्री. साइट उघडंना, मग संभाजीनगरच्या मैत्रिणीनं पीडीएफ पाठवली. एसएमएल टाकून सर्च मारला, एमबीबीएस, हिंगोली. आई रडली, पप्पांनी दोनदा वाचून घेतलं, अन् मग लगेच कामाचं बोलणं, कारण जॉइन करायला मुदत थोडी अन् ओरिजिनल कागदं सगळे डेंटलला अडकलेले. आधी संभाजीनगरला जाऊन तिथली सीट सोडायची, कागदं घ्यायचे, तिथून जालना, जिंतूर, औंढा करत हिंगोली. डीडी काढायचा राहिलाय, बँक उद्या उघडंल. अन् ताडपत्रीखालची सोयाबीनची रास करायला चुलत्याला सांगायचं, मळणी मशीनवाल्याचा नंबर पप्पांच्या फोनमधी सापडंना, तो तिनं त्या रजिस्टरच्याच पुढच्या पानांवरून काढून दिला.