सत्तर पानांचा पुडा

[दृश्य: नागपूरचा जुना महाल भाग. गोंड राजांच्या किल्ल्याचं जुनं दार, समोरून जाणाऱ्या सायकली.]

नागपूर वसवलं देवगडच्या गोंड राजा बख्त बुलंद शाहनं, १७०२च्या सुमारास. शहरातल्या पोरांना भोसले ठाऊक असतात, १८१७ची सीताबर्डीची लढाई ठाऊक असते. गोंड राजा मात्र एका ओळीत आटोपतो.

[दृश्य: जुन्या छापील पुस्तकाची पिवळी पानं.]

याच शहरात स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी राहत. गोंडांचा आद्यपुरुष लिंगो, त्याची गाथा त्यांना मिळाली एका परधानाच्या तोंडून. परधान म्हणजे गोंडांच्या वंशावळी आणि देवकथा पिढ्यान्‌पिढ्या गळ्यात सांभाळणारे लोक. हिस्लॉप १८६३मध्ये वारले. मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी त्यांचे कागद १८६६ साली छापले. पुस्तक निघालं ते मिशनऱ्याच्या आणि साहेबाच्या नावानं. ज्याच्या गळ्यातून गाथा आली, तो नुसता माहिती सांगणारा राहिला.

ज्ञान एकाचं, नाव दुसऱ्याचं, ही वाटणी आपल्या शाळांत अजून चालू आहे. मला ते मनापासून खटकतं, म्हणून हा माहितीपट.

[दृश्य: रामटेकच्या पुढे, देवलापारकडचं रान. अंगणात आजी आणि नात.]

ही पोर तिसरीत शिकते. आजीजवळ बसून तेंदूची पानं जुळवते आहे. देठ एका बाजूला, पानावर पान. आजी मोजते, "उंडी, रंड, मुंड, नालुंग, सैयुंग..." सत्तर पानं झाली की सालीच्या दोरीनं बांधायचं. झाला एक पुडा. चौदाशे पानांचे किती पुडे होतील, विचारा. पोर मान वर न करता सांगते, "वीस." हाच भागाकार फळ्यावर आला की ती गप्प बसते. फळ्यावर ना तेंदू आहे, ना आजीची भाषा.

मार्च-एप्रिलात मोह लागतो. फुलं पहाटे गळतात, ऊन चढायच्या आत वेचावी लागतात. अख्खं घर रानात असतं. हजेरीपटावर एवढंच उमटतं: गैरहजर.

तो हजेरीपट कोणाच्या टेबलावर असतो? मुख्याध्यापकांच्या. वेळापत्रक त्यांचं, परिपाठ त्यांचा, सभेचा अजेंडाही त्यांचाच. म्हणून आदिवासी ज्ञानाचा प्रश्न आधी त्या खुर्चीचा आहे, पाठ्यपुस्तकाचा नंतर. ९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनी, पोरांना पिसं लावून नाचवायचं आणि १० तारखेला गोंडी बोलल्याबद्दल दटावायचं, हे थांबवायला कुठलाही शासन निर्णय लागत नाही.

कायदा तर बाजूनंच आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात, शक्य असेल तिथवर मुलाच्या मातृभाषेत शिकवा, असं लिहिलंय. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक हवेत, असंही लिहिलंय. पण कितीदा तरी ठराव आधीच लिहून तयार असतो आणि आया येऊन फक्त अंगठा देतात. भूक, पाऊस, झाड, औषध यांबद्दल त्या बायांना जे कळतं, ते इतिवृत्तात येतच नाही.

गडचिरोलीत, धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेनं २०१९मध्ये गोंडी माध्यमाची शाळा स्वतःच सुरू केली. मान्यतेचा प्रश्न उभा राहिला आणि गावाला नागपूर खंडपीठाचं दार ठोठावावं लागलं. आपल्या लेकरांना आपल्या बोलीत शिकवायला कोर्टाची पायरी!

[दृश्य: शाळेचा व्हरांडा. समितीची बैठक. खुर्च्या बाजूला सारलेल्या, सगळे सतरंजीवर.]

मुख्याध्यापक विचारतात, "आजी, औंदा मोह कधी लागंल?"

"होळीच्या मांगंपुढं, मास्तर. पानं झडू द्या."

सर वही उघडतात. त्या पंधरवड्यात शाळा उशिरा भरवायची, असं लिहितात. मग थांबतात. 'कोणी सुचवलं' असा रकाना आखतात आणि आजीला तिचं पूर्ण नाव विचारतात.