कूलरवाल्याकडची हिवाळी ऑर्डर

[इतवारीतली गल्ली. पत्रा कापल्याचा आवाज.]

उन्हाळ्यात या गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. कूलरचे सांगाडे रस्त्यापर्यंत आलेले, वाळ्याच्या ताट्यांचे ढीग, आणि दर दोन मिनिटांनी कुणीतरी विचारतंय, "झाला का हो आमचा?" डिसेंबरात मात्र इथला कारागीर निवांत असतो. त्याच्याकडे आम्ही एक उलटं काम घेऊन गेलो. कॅनव्हासच्या तंबूत रात्रभर ऊब देईल अशी लोखंडी शेगडी बनवून हवी होती.

"नागपुरात थंडी?" तो हसला. पारा 47 च्या वर जाणाऱ्या शहरात हसायला हरकत नाही. पण याच शहरात 29 डिसेंबर 2018 ला पारा 3.5 अंशांवर आला होता. ती सकाळ त्यालाही आठवली, आणि मग त्यानं काम हातात घेतलं.

आम्ही कोपऱ्यातला कूलरचाच चकचकीत पत्रा दाखवला. त्यानं मान हलवली. "हा चालत नाही जी. यावर जस्त असते. तापलं की त्याचा धूर होते, नाकात गेला का ताप येते." मग काळा पत्रा निघाला. पेटी हातभर लांब, पुढे दार, दाराला हवेची झडप, मागे तीन इंची नळी. नळीच्या टोकाला ठिणग्या अडवायला जाळी.

[जवळून: एक नळी दुसरीत बसते आहे.]

नळीचे चार तुकडे होते. ते कसे जोडायचे हे त्यानं दोनदा सांगितलं. वरची नळी खालचीच्या आत. लाकडाच्या धुरातलं काळं, चिकट पाणी थंड नळीत आतून ओघळतं. जोड असा असला की ते परत शेगडीत उतरतं.

छताला भोक पाडताना मात्र आमचा जीव खालीवर झाला. कापडात वीतभर रुंद भोक, त्यावर आतून-बाहेरून एकेक पत्रा, आणि पत्र्यात फक्त नळीपुरती जागा. तापलेली नळी कापडाला कुठेच शिवत नाही. कॅनव्हास नायलॉनसारखा वितळत नाही, पण जळतो की!

[कामठी, कन्हानचा पूल, मनसर. रामटेकच्या गडावरचे दिवे.]

खिंडसी तलावाच्या काठाला पोचायला संध्याकाळ झाली. पाण्यालगतची सपाट जागा दिसायला देखणी, पण रात्री थंड हवा उतारावरून सरकत तिथेच साचते. म्हणून तंबू थोडा वर, झाडांच्या आडोशाला, पण फांदीच्या खाली नाही. लाकूड बाभळीचं, टालावरून विकत घेतलेलं. जंगलातली काडी उचलायची नाही, आणि बाभळीचे निखारे तसेही जास्त टिकतात.

आता शेगडीइतकीच महत्त्वाची गोष्ट: तणस, म्हणजे धानाचा पेंढा. हा पट्टा धानाचा. मळणी झालेली, तणसाचे ढीग जागोजागी. जमीन अंगातली ऊब रात्रभर ओढत राहते, आणि वर कितीही आग पेटवली तरी तिला पुरे पडत नाही. म्हणून झोपायच्या बाजूला वीतभर तणस, त्यावर ताडपत्री, त्यावर सतरंज्या. शेगडीच्या बाजूला काडीही नाही. तिथे उघडी माती. आमच्यातल्या एकानं ऐटीत गावातून बाज आणली. बाजेखालून वारा खेळतो, जे मे महिन्यात सुख असतं. पहाटे तो निमूट तणसावर आला.

शेगडीच्या तळाशी दोन घमेली रेती टाकली, शेजारच्या बांधकामावरून मागून आणलेली. पातळ पत्रा आग विझली की पंधरा-वीस मिनिटांत गार पडतो. रेती तळही वाचवते आणि ऊबही धरून ठेवते.

[रात्र. झडपेतून लाल उजेड.]

अकराच्या सुमाराला शेगडीजवळचे दोघे स्वेटर काढून बसले होते आणि दाराजवळचा दुलईत कुडकुडत होता. तंबूतली ऊब अशीच असते, तिचं वाटप सारखं होत नाही. गरम पाणी भरलेली स्टीलची बाटली पायमोज्यात घालून पायाशी ठेवली, तेव्हा दाराजवळच्याची कुरकुर थांबली.

जवळच्या शेतातले राखणदार काका शेकायला आले होते. ते म्हणाले, "एवढी खटपट काहून? घमेल्यात निखारे घ्या अन् आत ठेवा. धूर नाही, काही नाही."

धूर नाही, हीच तर भीती. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट चिकटतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, मग गुंगी येते, आणि दमलेल्या माणसाला ती झोपच वाटते. नळी असलेली शेगडीसुद्धा यातून सुटत नाही. निखारे जास्त वेळ टिकावेत म्हणून झडप पूर्ण बंद केली, तर आग धुमसते आणि नळीची ओढही मंदावते.

कापडाचंही एक आहे. सुती कॅनव्हास कोरडा असताना श्वास घेतो. दवानं भिजला की धागे फुगतात, छिद्रं बुजतात. म्हणजे ज्या वेळी आपण गाढ झोपेत, त्याच वेळी तंबू सर्वात बंदिस्त. म्हणून खालची एक आणि वरची एक खिडकी आम्ही चार बोटं उघडी ठेवली. थोडी थंडी आत आली, येऊ दिली. उशाशी या वायूचा गजर देणारं बॅटरीवरचं छोटं यंत्र होतं. तरीही आग चालू असेपर्यंत एकानं जागं राहायचं ठरलं. शेवटची पाळी अडीचला संपली आणि आग विझू दिली.

[पहाट. दवानं ओला कॅनव्हास.]

सूर्य उगवायच्या सुमाराला थंडी सर्वात जास्त असते. बाहेर 8 अंश, आत 11. बढाई मारण्यासारखं काही नाही. पण शेगडीचा पत्रा हाताला बर्फासारखा लागत असताना, राखेखालच्या रेतीत बोट घातलं तर ती अजून कोमट होती.

आणि नळीच्या तिसऱ्या जोडाखाली काळा ओघळ. पत्र्यावरून खाली, सतरंजीच्या कडेपर्यंत.

फोटो काढून इतवारीला पाठवला. लगेच फोन आला.

"उलटी लावली असन. सांगतलं होतं नं बाप्पा, वरची खालचीत."