समुद्र नसलेल्या शहराचे बंदर

नागपुरातल्या कंटेनर डेपोत मालगाडीच्या उघड्या वाघिणीवर एक कंटेनर अलगद टेकतो. त्याच्या दाराच्या कडीत बोटभर लांबीचे धातूचे सील आहे. सीमाशुल्काची तपासणी नागपुरातच पूर्ण होते आणि हे सील तसेच ठेवून माल सुमारे ८०० किलोमीटर दूर असलेल्या न्हावा शेवा बंदरात पोहोचतो. नागपूरला समुद्र नाही, पण बंदर कोणाच्या ताब्यात आहे हा प्रश्न या शहराचाही आहे.

न्हावा शेवा येथील एक टर्मिनल १९९७ साली पी अँड ओ या कंपनीला ३० वर्षांच्या कराराने देण्यात आले. देशातील खाजगी कंटेनर टर्मिनलची ही सुरुवात होती. २००६ साली दुबईच्या डीपी वर्ल्डने लंडनची पी अँड ओ कंपनीच विकत घेतली आणि त्यासोबत हे टर्मिनलही गेले. जमीन सरकारी बंदराचीच राहिली, पण ती चालवणारा बदलला, आणि तो बदल विदर्भातल्या कोणाही निर्यातदाराला न विचारता झाला.

डीपी वर्ल्ड निदान बंदरे चालवणारी कंपनी आहे. प्रायव्हेट इक्विटीचे, म्हणजे गुंतवणूकदारांचा पैसा एकत्र करून कंपन्या विकत घेणाऱ्या निधीचे, तसे नसते. असा निधी बहुतेक वेळा दहा-बारा वर्षांत पैसा वाढवून गुंतवणूकदारांना परत करण्यासाठी उभा राहतो. तो खरेदीसाठी मोठे कर्ज काढतो आणि त्या कर्जाचा भार पुष्कळदा विकत घेतलेल्या संस्थेच्याच माथी येतो. लंडनला पाणी पुरवणारी टेम्स वॉटर २००६ ते २०१७ या काळात मॅक्वारी या ऑस्ट्रेलियन गुंतवणूक कंपनीच्या नेतृत्वाखालील गुंतवणूकदारांकडे होती आणि त्या ११ वर्षांत कंपनीवरचे कर्ज जवळपास तिप्पट झाले. जलवाहिन्या शंभर वर्षे जमिनीत राहायच्या, तर मालक दहा वर्षांत निघून जायचा, हे गणित मला मुळातच चुकीचे वाटते.

याच इंग्लंडमधले डोव्हर बंदर मात्र विश्वस्त मंडळाचे आहे. त्याला भागधारक नाहीत. नफा बंदरातच राहतो. २०१० साली मंडळानेच ते विकण्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हा गावकऱ्यांनी बंदर लोकांच्या मालकीचे करण्यासाठी पर्यायी योजना पुढे आणली आणि मार्च २०११ मध्ये झालेल्या स्थानिक मतदानात प्रचंड बहुमताने तिच्या बाजूने कौल दिला. डिसेंबर २०१२ मध्ये सरकारने विक्रीचा प्रस्ताव फेटाळला. लोकांची योजनाही पूर्ण अमलात आली नाही, पण बंदर विकले गेले नाही.

आता आपल्या नागपुरातल्या महाल भागात या. जुन्या वाड्याच्या भिंतीवर विजेचा मीटर आहे. मे २०११ मध्ये महाल, गांधीबाग आणि सिव्हिल लाइन्स या विभागांतले वीज वितरण १५ वर्षांसाठी खाजगी फ्रँचायझीकडे गेले. थोड्याच काळात त्या फ्रँचायझीची सूत्रे दुसऱ्या उद्योगसमूहाच्या हाती गेली, आणि आर्थिक अडचणींमुळे सप्टेंबर २०१९ मध्ये, म्हणजे मुदतीच्या कितीतरी आधी, तो कारभार पुन्हा महावितरणकडे आला. खाजगी कंपनीला माघार घेता आली. महावितरणला ती सोय नव्हती, कारण शहराला अंधारात ठेवणे शक्यच नव्हते.

पाण्याचा करार अजून चालू आहे. २०१२ पासून २५ वर्षांसाठी शहराचा पाणीपुरवठा ऑरेंज सिटी वॉटर या खाजगी कंपनीकडे आहे आणि ती फ्रान्सच्या व्हेओलियाच्या भागीदारीत उभी राहिली. याच व्हेओलियाचा पॅरिसमधला करार संपल्यावर त्या शहराने २०१० पासून पाणीपुरवठा स्वतःच्या ताब्यात घेतला आणि पुढच्याच वर्षी दर ८ टक्क्यांनी कमी केले.

गोरेवाडा तलाव, शुद्धीकरण केंद्रे आणि जलवाहिन्या यांची मालकी नागपूर महापालिकेकडेच आहे, असे उत्तर येथे दिले जाते, आणि ते खरे आहे. मात्र मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपल्यानंतर पुढची निवडणूक होईपर्यंत वर्षानुवर्षे सभागृहात नगरसेवकच नव्हते, प्रशासकच कारभार पाहत होते. त्या काळात पाण्याच्या दराबद्दल जाब विचारायला वस्तीतल्या माणसाने कोणाचे दार ठोठवायचे होते? कागदावर मालकी सरकारी असली, तरी दर ठरवताना आणि करार तपासताना नागरिक खोलीत नसतील, तर तिला लोकांची मालकी म्हणायला मी तयार नाही.

२०१२ साली पहिलीत असलेले मूल हा करार संपेल तेव्हा तिशी ओलांडलेले असेल. पुढचा करार कोणाशी आणि कोणत्या अटींवर करायचा, याची चर्चा २०३७ च्या कितीतरी आधी, प्रभागाप्रभागांत आणि मराठीत छापलेला मसुदा हाती घेऊन व्हायला हवी.