अडीच सूत शाफ्ट, दोन सूत भोक

मंडळी, हा मॉडेल विमानाचा १२×६ चा प्रॉपेलर. म्हणजे टोकापासून टोकापर्यंत १२ इंच, आणि घसरण न होता एक फेरा फिरला तर ६ इंच पुढे सरकेल असा. त्याच्या मधोमध पाव इंचाचं भोक आहे. शेजारचं इंजिन ०.६० घन इंचाचं, दोन स्ट्रोकचं. त्याच्या शाफ्टवर ५/१६ इंचाचे, इंचाला २४ असे आटे आहेत. वर्कशॉपच्या भाषेत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) शाफ्ट अडीच सूत आणि भोक दोन सूत. अर्ध्या सुताचा, म्हणजे दीड मिलिमीटरपेक्षा थोड्या जास्त मटेरियलचा प्रश्न आहे. तो हातातल्या ड्रिल मशीनने दहा सेकंदांत सुटतो आणि दहा सेकंदांतच बिघडतो.

ही अडचण येते कुठून ते आधी पाहू. ०.४० ते ०.४६ घन इंचाच्या बहुतेक इंजिनांचा शाफ्ट पाव इंचाचा, इंचाला २८ आट्यांचा असतो. ०.६० च्या आसपास तो ५/१६ चा होतो. फोर-स्ट्रोकमध्ये बऱ्याचदा मिलिमीटरचे आटे भेटतात. एकच प्रॉपेलर या सगळ्यांवर चालावा म्हणून कारखाना भोक लहान ठेवतो. लहान भोक मोठं करता येतं, मोठं लहान करता येत नाही, हा त्यामागचा साधा हिशोब.

आता एक गैरसमज. या भोकावर शाफ्टची ताकद येते असं अनेकांना वाटतं. तसं नाही. नट आवळला की हबची, म्हणजे प्रॉपेलरच्या मधल्या जाड भागाची, मागची बाजू दातेरी ड्राइव्ह वॉशरवर (शाफ्टबरोबर फिरणाऱ्या चकतीवर) दाबली जाते आणि फिरवण्याचा सगळा जोर त्या दाबातून, त्या घर्षणातून जातो. भोकाचं काम एकच, प्रॉपेलरचा मध्य शाफ्टच्या मध्यावर आणून ठेवणं. म्हणून भोक पुरेसं मोठं झालं एवढ्यावर काम संपत नाही, ते जुन्या भोकाच्या मध्यावरच मोठं झालं पाहिजे. कारखान्याने दिलेलं लहान भोक हीच मध्याची एकमेव खूण आपल्याकडे असते. नवं भोक पूर्ण होईपर्यंत ती पुसायची नाही. पुढचं सगळं या एका गोष्टीसाठी आहे.

चुकलं तर किती चुकतं, ते आकड्यांत पाहू. समजा प्रॉपेलर ४० ग्रॅमचा आहे आणि मिनिटाला ११,००० फेरे घेतो. मध्य ०.२ मिलिमीटरने सरकला तर शाफ्टला सुमारे एक किलोचा ओढा बसतो आणि तो सेकंदाला १८३ वेळा दिशा बदलत फिरतो. अर्धा मिलिमीटर सरकला तर ओढा पावणेतीन किलोंच्या जवळ जातो. बेअरिंग, इंजिनाचे बोल्ट, टाकीतलं फेसाळणारं इंधन, सर्व्होंचे (विमानाचे हलते भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटारींचे) गिअर, रेडिओ रिसीव्हरची जोडणी, सगळीकडे तो पोचतो. त्यातही टाकीतला फेस फसवा. इंजिन मध्येच अडखळतं आणि माणूस कार्ब्युरेटरची सुई फिरवत बसतो.

मोजमापाकडे येऊ. व्हर्नियर शाफ्टवर लावा. ५/१६ म्हणजे गणिताने ७.९४ मिलिमीटर, पण आट्यांच्या माथ्यावर मोजलं तर ७.७ ते ७.९ च्या दरम्यान काहीतरी भरतं. आटे नेहमी नावापेक्षा किंचित कमीच कापलेले असतात. आट्यांच्या मागे शाफ्टचा गुळगुळीत भाग असेल आणि हब त्यावर बसणार असेल, तर माप तिथलं धरा. दोन्हींवर बसणार असेल तर जाड भागाचं.

आपल्या बाजारात मिलिमीटरचे ड्रिल सहज मिळतात आणि इथेच गोंधळ होतो. ५/१६ च्या शाफ्टला ८ मिलिमीटरचं भोक चालून जातं. ७.९ च्या शाफ्टवर ०.१ चा मोकळेपणा राहतो, म्हणजे मध्य जास्तीत जास्त ०.०५ ने हलेल. पण पाव इंचाच्या शाफ्टसाठी ६.५ चा ड्रिल घेऊ नका. तो शाफ्ट प्रत्यक्षात ६.२-६.३ चा असतो, मोकळेपणा ०.२ च्या वर जातो. तिथे पाव इंचाचंच हत्यार हवं.

बसवताना हाताला कसं लागलं पाहिजे? प्रॉपेलर हाताने, थोड्या अडखळत्या सरकपणाने शाफ्टवर जावा. सोडला तर डुलू नये. स्क्रूसारखा फिरवत चढवावा लागला तर भोक घट्ट आहे. आटे नायलॉनची आतली भिंत खरवडत जातात आणि दोन-चार वेळा काढघाल झाली की तेच भोक ढिलं आणि वेडंवाकडं होतं. ठोकून बसवणं तर विचारूच नका. लाकडी हब धाग्याच्या रेषेत चिरतो.

यासाठी योग्य हत्यार म्हणजे पायऱ्यांचा प्रॉप रीमर. त्याच्या दांड्यावर एकापुढे एक वाढत्या मापांचे टप्पे असतात. लहान टप्पा जुन्या भोकात घट्ट बसून वाट दाखवतो आणि पुढचा टप्पा त्याच मध्यावर कापतो. हातानेच फिरवायचा, घड्याळाच्या दिशेने, सावकाश. अडकला तरी उलटा फिरवायचा नाही. उलट फिरवला की चुरा धारेमागे घुसतो, धार बोथट होते आणि भोकाच्या भिंतीवर ओरखडे उठतात. पुढेच फिरवत बाहेर ओढा, ब्रशने चुरा झाडा, पुन्हा घाला. हबच्या मागच्या बाजूने सुरुवात करा, कारण इंजिनाला टेकणारी तीच बाजू. हबची जाडी टप्प्यापेक्षा जास्त असेल तर उलटून दुसऱ्या बाजूने पूर्ण करा.

बाजारात याच्यासारखी दिसणारी दोन हत्यारं मिळतात. एक शंकूसारखा टेपर रीमर. याने भोक एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला अरुंद होतं. प्रॉपेलर शाफ्टवर फक्त एका कडेने टेकतो आणि नट आवळताना कुठेही कलतो. दुसरं म्हणजे पत्र्याला भोकं पाडायचा पायऱ्यांचा ड्रिल. याची एकेक पायरी चार-पाच मिलिमीटरची आणि हब बारा-चौदा मिलिमीटरचा, त्यामुळे आतमध्ये जिना तयार होतो. हा ड्रिल स्पिनरच्या (प्रॉपेलरच्या मध्यावरच्या टोपीच्या) पातळ मागच्या पत्र्यासाठी मात्र उत्तम. तिथेही भोक मोठं करावंच लागतं आणि ते विसरलं तर शाफ्टवर मध्यात बसलेल्या प्रॉपेलरमागे स्पिनर डुलत राहतो.

प्रॉप रीमर नसेल तर टेबलावरचं उभं ड्रिल मशीन. हातातलं नाही. दोन धारांचा साधा ड्रिल आधार नसला की गोल भोक पाडत नाही, त्रिकोणी झाक असलेलं पाडतो. शिवाय मोठ्या कोनाने वळलेली त्याची धार नायलॉनमध्ये स्क्रूसारखी स्वतःला आत ओढून घेते. पातं हाताने धरलेलं असेल तर ते बोटांवरून फिरतं. जखमांचं हे नेहमीचं कारण आहे.

उभ्या मशीनवर पद्धत अशी. जुन्या भोकात बेताने बसणारा गुळगुळीत दांडा चकमध्ये धरा. पाव इंचाच्या ड्रिलची मागची बाजू उलटी धरली तरी चालते. मशीन बंदच. दांडा खाली आणा, प्रॉपेलर हाताने सरकवत भोकात सहज उतरवा. आता मागची बाजू वर, हबची दुसरी बाजू सपाट लाकडी ठोकळ्यावर टेकलेली आणि ठोकळा टेबलावर. या स्थितीत हबच्या दोन्ही बाजूंनी पात्यांच्या मुळाशी पट्ट्या लावून क्लॅम्प आवळा. पुन्हा एकदा दांडा वरखाली करून पाहा, कुठे घासतो का. आवळताना प्रॉपेलर हटकून थोडा सरकतो, तेव्हा ही तपासणी टाळू नका. मगच दांडा काढून ड्रिल लावा आणि टेबल, क्लॅम्प, ठोकळा, कशालाच हात लावू नका.

पाव इंचावरून एकदम ८ मिलिमीटरवर उडी नको. ७, मग ७.५, मग शेवटचं माप. मशीनचा वेग सर्वांत कमी. ड्रिल नवीन असेल तर धारेच्या आतल्या बाजूवर ऑइलस्टोन दोन-तीन वेळा फिरवून बारीक सपाट पट्टी काढा. पितळ आणि प्लास्टिकसाठी टर्नर मंडळी हेच करतात. मग ड्रिल ओढत नाही, खरवडतो. जवळ लेथ असेल तर हा सगळा खटाटोप वाचतो, पण चकमध्ये १२ इंचांची पाती फिरताना आजूबाजूला कोण उभं आहे ते बघा.

मटेरियलप्रमाणे थोडं बदलतं. काचतंतू मिसळलेलं नायलॉन गरम झालं की फुगतं, ड्रिल निघाल्यावर आकसतं, आणि भोक ड्रिलपेक्षा किंचित लहान निघतं. थंड होऊ द्या, मग मोजा. तेवढ्यावर घाईने मोठा ड्रिल घालणं हीच मोठी चूक. लाकडी प्रॉपेलरमध्ये भोक पार होताना मागची लाकडी कपची उडते, म्हणून खालचा ठोकळा हबला घट्ट चिकटलेला हवा. शिवाय नव्याने उघडं पडलेलं लाकूड इंधनातलं तेल शोषतं, मऊ पडतं आणि नटाखाली दबत जातं. भोकाच्या भिंतीवर पातळ सायनो (झटपट चिकटणारा गोंद) किंवा व्हार्निश कापसाच्या काडीने लावा, वाळू द्या आणि रीमर हलकेच पुन्हा एकदा फिरवा. कार्बन फायबरची धूळ फुप्फुसात जाऊ देऊ नका. मास्क घाला, ओल्या फडक्याने पुसा.

काही प्रॉपेलरच्या मागच्या बाजूला भोकाभोवती एक रुंद खाच असते आणि सोबत पातळ प्लास्टिकच्या कड्या येतात. मध्य धरण्याचं काम त्या खाचेतल्या कडीकडे असतं. योग्य मापाची कडी मिळत असेल तर रीमर हातात घेऊच नका. आणि इलेक्ट्रिक मोटारीसाठी बनवलेला हलक्या पात्यांचा प्रॉपेलर भोक मोठं करून इंजिनावर चढवू नका. इंजिनाच्या प्रत्येक स्फोटाचे धक्के सोसायला तो बनवलेला नसतो.

भोक चुकून मोठं झालं तर? टेप गुंडाळणं, इपॉक्सी भरणं हे मध्य शोधण्याचे मार्ग नव्हेत. पितळी नळीचा बुश, म्हणजे भोकात बसणारी बाही, करा. एकात एक बसणाऱ्या इंची पितळी नळ्या मिळतात, भिंत ०.०१४ इंचाची. ९/३२ ची नळी पाव इंचाच्या शाफ्टवर बसते आणि तिच्यावर ५/१६ ची, म्हणजे अडीच सुताचं भोक पुन्हा दोन सुतावर आलं. बुशची लांबी हबच्या जाडीपेक्षा अर्धा मिलिमीटर कमी ठेवा. बुश लांब राहिला तर नट बुशवर आवळला जातो आणि हब मोकळाच राहतो. भोक तिरकं झालं असेल तर मात्र बुशने सुटत नाही. हबच्या २५ मिलिमीटर रुंदीत ०.१ चा कल आला तर १२ इंचांच्या टोकांमध्ये सव्वा मिलिमीटरचा पुढेमागे फरक दिसतो. असा प्रॉपेलर मोडून टाका. मोडून अशासाठी, की नुसता बाजूला ठेवला तर कोणीतरी लावतो.

तपासणी इंजिनावर, ग्लो प्लग (इंधन पेटवणारा प्लग) काढून करा. पात्याच्या टोकाशेजारी उभी पट्टी ठेवा आणि प्रॉपेलर हाताने फिरवा. दोन्ही टोकं पट्टीपासून पुढेमागे सारख्या अंतरावर जातात का, हे झालं एक. दुसरं, टोकाबाहेर एक सुई ठेवा आणि प्रत्येक टोक तिच्यापासून किती लांब जातं ते मोजा. मध्य अर्धा मिलिमीटर पात्यांच्या दिशेने सरकला असेल तर दोन टोकांत एक मिलिमीटरचा फरक दिसेल. सरक आडवी असेल तर टोकं हे सांगणार नाहीत. तिथे हबची बाहेरची कडा सुईजवळ फिरवून पाहायची. हेच माप भोक मोठं करण्याआधी जुन्या दांड्यावर घेऊन ठेवलं असेल, तर दोष साच्यातला की आपल्या हातचा, हे लगेच कळतं.

तोल भोकानंतरच बघायचा. आधी बघितलेला तोल जुन्या मध्याचा होता. बॅलन्सरचा, म्हणजे तोल बघायच्या उपकरणाचा, शंकू भोकाच्या कडेला धरतो, म्हणून आधी कडेवरचे केस, कपच्या धारदार पात्याने साफ करा. जड पात्याच्या टोकाकडचा भाग बारीक पॉलिश पेपरने घासा किंवा लाकडी असेल तर हलक्या पात्यावर व्हार्निशचा हात द्या. पुढच्या कडेचा आकार बिघडवू नका. एक लक्षात ठेवा, ढिल्या भोकाचा प्रॉपेलर बॅलन्सरवर निर्दोष दिसतो. शंकूवर तो मध्यात असतो, शाफ्टवर नसतो.

बसवताना भोकात मोकळेपणा असेल तेवढा प्रॉपेलर शाफ्टवर खाली लोंबकळतो, म्हणून नट बोटाने आवळेपर्यंत हबला हाताने उचलून धरा. मग पाना लावा. पहिल्यांदा चालवताना मागे उभे राहा, पात्यांच्या फिरण्याच्या रेषेत कोणी नको. ११,००० फेऱ्यांवर १२ इंची टोकाचा वेग ताशी ६३० किलोमीटरच्या आसपास असतो. लाकडी प्रॉपेलर असेल तर पहिल्या टाकीनंतर नट पुन्हा आवळा, कारण लाकूड दबतं. आणि पावसाळ्यात फुगलेल्या लाकडावर आवळलेला नट मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत ढिला झालेला असतो, तेव्हा उन्हाळ्यातल्या पहिल्या उड्डाणाआधी पाना पुन्हा एकदा लावून बघा.