घोडे दोन, जेवायला पन्नास

(पहिला शॉट पागेचा, सकाळ, उजेड कमी. आवाज फक्त चारा चघळण्याचा. इथे म्युझिक टाकू नका प्लीज.)

ही जी पांढरी घोडी दिसतेय ना, तिचं नाव राणी. हो, माहितीये, इंदूरमधल्या दर दुसऱ्या लग्नाच्या घोडीचं नाव राणीच असतं. ही पण लग्नातलीच. नुकरी आहे, म्हणजे अंगाने पांढरी आणि आतली कातडी गुलाबी, म्हणून नवरदेवांकडून डिमांड पण यांनाच आणि मे महिन्याच्या उन्हात नाकाची सालपटं निघतात ती पण यांचीच. वय झालं, वरातीत थकायला लागली, मालक विकायच्या तयारीत होता तेव्हा माझ्या काकांनी घेतली. तिच्या मागे तो तपकिरी, कुमैत म्हणतात त्या रंगाला, तो बादल. मारवाडी. कानांची टोकं बघा, आत वळून एकमेकांना टेकलीयेत, जात ओळखायला आणखी काही बघायची गरज नाही. काका मात्र आधी गळ्यावरचा केसांचा भोवरा दाखवतात, देवमण आहे, म्हणजे शुभ खूण, म्हणून, आणि मग अर्धा तास भोवऱ्यांवरच बोलतात, तो भाग मी एडिट केलाय.

आपण आहोत इंदूरजवळच्या महूच्या पुढे, मंडलेश्वरच्या रस्त्याला, जाम गेटच्या थोडं अलीकडे. माळव्याचं पठार इथे संपतं आणि खाली निमाड सुरू होतं. जाम गेट अहिल्याबाईंच्या काळातलं, १७९१ सालचं, महेश्वरहून वर माळव्यात यायची वाट हीच. होळकरांची ताकद म्हणजे घोडदळ, मल्हारराव स्वतः घोडदळातूनच वर आले, तेव्हा या घाटाने गाड्यांपेक्षा घोडेच जास्त वर्षं बघितलेत. आता रविवारी इंदूरची सगळी पोरं बाईक घेऊन इथे भुट्टे आणि मॅगी खायला येतात. असो.

काका-काकूंचं घर मूळचं रामबागेतलं, रिटायर झाल्यावर इकडे आले. शेत मोठं नाही. थोडा गहू, थोडा लसूण, पेरूची झाडं, मागे काकूची भाजीची बाग, आणि मधोमध ही पागा. नातेवाईक विचारतात की घोडे कशाला पाळलेत, ना दूध ना नांगर, तर काकूचं उत्तर ठरलेलं आहे: "घोडे दोनच पाळलेत रे, बाकीचे सगळे त्यांच्या ताटावर जेवायला येतात."

हा व्हिडिओ त्या बाकीच्यांबद्दल आहे.

(शॉट: फावडं, घमेलं, लीद. क्लोजअप चालेल, लाजायचं कारण नाही.)

सुरुवात इथूनच करावी लागणार. इंस्टावर घोडा म्हणजे मोकळे केस आणि सूर्यास्त, प्रत्यक्षात घोडा म्हणजे लीद उचलणं. एक मोठा घोडा दिवसाला १५ ते २० किलो लीद टाकतो, दोन घोडे म्हटल्यावर हिशोब तुम्हीच करा, आणि त्याला दिवाळीची पण सुट्टी नाही. ही लीद ताजी असताना खूप गरम असते, तशीच वाफ्यात टाकली तर रोपं जळतात. शिवाय घोडा रवंथ करत नाही, त्यामुळे चाऱ्यातलं गवताचं बी पोटातून जसंच्या तसं बाहेर येतं आणि मग बागेत तुमच्या मेथीपेक्षा तण जोरात. म्हणून आधी ढीग लावायचा, पाणी मारायचं, अधूनमधून वरखाली करायचा आणि काही महिने कुजू द्यायचा. काकू ढिगात हात घालून बघते, गरम लागला तर परत झाकून ठेवते. थर्मामीटर आणून दिलं होतं, ते कुठेतरी खुंटीला लटकलंय.

आता या ढिगावर कॅमेरा लावून बसलं तर पिक्चर सुरू होतो. शेणकिडे येतात, ते छोटे गोळे करून ढकलत नेतात, त्यातले काही तिथेच जमिनीत पुरतात. ढिगाच्या खाली अळ्या, गांडुळं, गोमा. त्यांच्यामागे सातभाई, कचकच करत, एकमेकांशी भांडत. मग हुदहुद, तुरा मिटवून लांब चोच आत खुपसतो. पावसाळा सरला की परीट येतो थंडीपुरता, शेपटी वरखाली हलवत घोड्यांच्या पायांत फिरतो आणि घोडे पण त्याला काही करत नाहीत. गायबगळे तर बादल चरायला निघाला की ऑफिसला निघाल्यासारखे त्याच्यामागे, कारण त्याच्या टापांनी गवतातले टोळ उडतात ते यांना आयते मिळतात. मुंगसाची एक जोडी आहे, दुपारी सगळं शांत झालं की येते. पागेच्या भिंतीखालच्या बिळात राहतात असा काकांचा दावा आहे, काकू म्हणते पेरूच्या कुंपणात. यावर घरात दोन पार्ट्या आहेत.

(शॉट: बाग. वांगी, वालाचा वेल, झेंडू.)

तोच ढीग कुजला की इकडे येतो. वांगी, गिलकी, वाल, मेथी, आणि झेंडू भरपूर, कारण दसऱ्याला घोड्यांच्या गळ्यात हार घरचेच घालायचे हा नियम. खंडेनवमीला खोगीर, लगाम, जुने नाल सगळं धुऊनपुसून पाटावर मांडतात. आणि वांग्याचं म्हणाल तर आमच्याकडे चातुर्मासात वांगं खात नाहीत, ते खायचं चंपाषष्ठीला, खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून. होळकरांचं कुलदैवत म्हणजे मल्हारी मार्तंडच, राजवाड्यात देऊळ आहे, आणि खंडोबाचं वाहन घोडा. त्यामुळे त्या दिवशी पहिला रोडगा बादलला जातो. अगदी छोटा तुकडा हं, घोड्याला असं काहीबाही जास्त खायला घालू नये, त्याबद्दल पुढे सांगतो.

बागेत एक गोष्ट तुम्हाला दिसणार नाही, कण्हेर. इंदूरमध्ये रस्त्यांच्या डिव्हायडरवर, बंगल्यांच्या कुंपणाला, जिकडे तिकडे गुलाबी कण्हेर असते, दिसायला छानच. पण घोड्यासाठी ती विष आहे, थोडी पानं पोटात गेली तरी हृदयावर परिणाम होऊन घोडा जाऊ शकतो, आणि वाळलेली पानं पण तितकीच वाईट, म्हंजे छाटून टाकलेली फांदी चाऱ्यात मिसळली की संपलं. राणी यायच्या आधी काकूने तिची लाडकी कण्हेर मुळासकट काढली. तिथे आता जास्वंद आहे. ज्यांच्याकडे घोडा आहे त्यांनी प्लीज आपलं कुंपण एकदा बघा, एरंड असेल तर तो पण काढा.

(शॉट: दाण्याची खोली, पिंपं, वर कौलं.)

आता दाणा. चणे, जव, चोकर म्हणजे गव्हाचा कोंडा. दाणा आला की उंदीर आले, यात नवीन काही नाही. पत्र्याची पिंपं आहेत, तरी सांडतंच. उंदीर आले म्हणून गव्हाणी घुबड आलं, त्या कौलाच्या खाली, पांढरा बदामासारखा चेहरा, दिवसा झोपलेलं असतं. गावातल्या लोकांना घुबड आवडत नाही, एकाने येऊन सांगितलं पण होतं की अपशकुन आहे हाकला, काकांनी त्याला चहा पाजला आणि विषय बदलला. मला विचाराल तर उंदरांच्या औषधापेक्षा हे घुबड शंभरपट चांगलं, औषध खाल्लेला उंदीर पुढे कोण खाईल याचा भरवसा नाही.

धामण पण येते. लांबलचक, पिवळट, घाबरवते पण विष नाही, तिला कोणी मारत नाही. भीती असते घोणसाची. पावसाळ्यात गवताच्या गंजीत वेटोळं करून बसते, कुकरच्या शिट्टीसारखा फुस्स आवाज काढते, आणि हात घालणाऱ्याचं काही खरं नाही. म्हणून इथे कोणीही काठीने ठोकल्याशिवाय चारा उचलत नाही आणि रात्री टॉर्चशिवाय पागेत जात नाही. आणि गंमत बघा, साप चावल्यावर दवाखान्यात जे अँटिव्हेनम देतात ते बनतं घोड्यांपासूनच. घोड्याला विषाचे अगदी छोटे छोटे डोस देत जातात, त्याच्या रक्तात अँटीबॉडी तयार होतात, त्या काढून शुद्ध करून औषध बनतं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चारही सापांवर एकच इंजेक्शन. हे काकांनी सांगितलं तेव्हापासून मी बादलकडे जरा आदराने बघतो, त्याचा यात काही हात नसला तरी.

(शॉट: पाण्याची हौद, पहाट, लांबून. झूम हलतोय, सॉरी.)

हे माझे सगळ्यात फेव्हरेट पाहुणे. एक घोडा दिवसाला २५ ते ४५ लिटर पाणी पितो, उन्हाळ्यात जास्तच, त्यामुळे ही हौद कायम भरलेली. एप्रिल लागला की आजूबाजूचे नाले आटतात आणि मग नीलगायी येतात, इथले लोक घोडारोज म्हणतात. नर निळसर करडा, मादी बदामी रंगाची, दिसायला हरणासारखं, कुरंगात म्हणजे अँटिलोपमध्ये मोडतं, पण नात्याने हरणांपेक्षा गायीच्याच जवळचं जनावर. पहाटे येतात, आधी लांब उभ्या राहून बघतात. राणी मान वर करते, बघते, परत खायला लागते. ती खायला लागली की त्या पुढे येतात. हे मी रेकॉर्ड केलंय, बघा आत्ता... हं. आली.

बघायला भारी वाटतं, पण शेजारच्या शेतकऱ्याला विचारा. चणा, गहू, कोवळं काहीही, एक कळप एका रात्रीत एवढं खातो आणि तुडवतो की माणूस कपाळाला हात लावतो. लोक रात्र रात्र मचाणावर जागतात, कुंपणाच्या तारेला शॉक देणारं झटका मशीन लावतात, जुन्या साड्या बांधतात. २०२५ च्या दिवाळीत शाजापूरकडे सरकारने हेलिकॉप्टर आणून काळवीट आणि नीलगायी हाकल्या, कापडाच्या भिंतींमधून निमुळत्या वाटेने ट्रकपर्यंत, बोमा म्हणतात त्या पद्धतीला, नऊशेच्या वर जनावरं पकडून दुसरीकडे जंगलात सोडली, नीलगायी गांधीसागरला. तेव्हा काकांच्या हौदेवर शेजारी चिडतात ते काही चुकीचं नाही. तुम्ही पाणी पाजता आणि जेवायला त्या आमच्याकडे येतात, असं एकाने तोंडावर सांगितलं. मग तोडगा निघाला, हौद शेजाऱ्याच्या बाजूने काढून नाल्याच्या बाजूला नेली, आणि शेजाऱ्याच्या चण्याच्या कुंपणाचा अर्धा खर्च काकांनी दिला. आता तो बोलतो, पण कमी.

रात्रीचे पाहुणे पटकन सांगतो कारण फुटेज खराब आहे. साळींदर, बटाटे आणि रताळी उकरतं. उदमांजर, पिकलेली पपई. वटवाघळं, पेरू. रानडुकरं आली तर काहीच उरत नाही.

आणि बिबट्या. महू आणि चोरलच्या जंगलात बिबटे आहेतच, २०२३ च्या मे महिन्यात तर महूच्या आर्मी वॉर कॉलेजच्या सीसीटीव्हीत चक्क वाघ दिसला होता. इथे बिबट्या कोणी डोळ्यांनी बघितलेला नाही, पायाचे ठसे नाल्यात मिळतात. पण घोड्यांना कळतं. आधी कान, दोन्ही कान एकाच दिशेला ताठ, मग नाकातून जोरात फुर्र, मग दोघं एकमेकांना चिकटून उभे. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काका एकच गोष्ट बघतात, शेपटीत काडीकचरा अडकलाय का. घोडा उभ्याउभ्या झोपतो ते खरं, पायाचे सांधे लॉक होतात त्याचे, पण गाढ झोपेसाठी त्याला थोडा वेळ आडवं व्हावंच लागतं, आणि आडवा तो तेव्हाच होतो जेव्हा त्याला सेफ वाटतं. शेपूट स्वच्छ म्हंजे रात्रभर दोघं उभे होते, म्हंजे कोणीतरी येऊन गेलं. त्या दिवशी पागेचं दार संध्याकाळी लवकर लागतं आणि गावातल्या बकरीवाल्यांना फोन जातो.

(शॉट: नालबंद, हातोडी, धूर.)

खर्चाचं पण सांगतो, नाहीतर कमेंटमध्ये विचाराल. सहा ते आठ आठवड्यांनी खूर कापून नाल बदलायचे. धनुर्वाताचं इंजेक्शन चुकवायचं नाही. पावसाळ्यानंतर डांस, म्हणजे घोडमाशा, चावतात त्यातून सर्रा होतो, ताप येतो, जनावर वाळत जातं, म्हणून संध्याकाळी कडुलिंबाचा धूर. आणि मगाशी म्हटलं ते खाण्याचं: घोड्याला उलटी होत नाही. बुरशी लागलेला भुसा किंवा खूप दाणा पोटात गेला की तो बाहेर काढायला वाट नाही, पोटशूळ होतो, घोडा पायाने जमीन उकरतो, वळून वळून स्वतःच्या पोटाकडे बघतो, लोळतो, आणि डॉक्टर वेळेवर नाही आला तर जातो. नशीब एवढंच की महूला व्हेटर्नरी कॉलेज आहे, जुनं आहे, १९५५ चं. इतक्या जवळ डॉक्टर नसते तर काकू घोडे ठेवूच देणार नव्हती, ती तिची अट होती.

शूटिंग चालू असताना काकांचा फोन वाजला, तो आवाज मी ठेवलाय, ऐका. इंदूरहून कोणीतरी होतं, पोराचं लग्न, पांढरी घोडी पाहिजे, पैसे म्हणाल तेवढे. काका म्हणाले घोडी म्हातारी आहे पण अर्धा तास उभी राहील, आणायला मी येईन, न्यायला मीच येईन, फक्त डीजे नको, तिचे कान ते. पलीकडून बराच वेळ काही नाही. मग विचारलं, "डीजे थोडा लांब ठेवला तर?"

काका म्हणाले, "किती लांब?" आणि काकूने तिकडून ओरडून सांगितलं, "महूला ठेवा म्हणावं!"